पडदा धरणारे हात

तिसरी घंटा होते. सभागृहातले दिवे मंदावतात. आत रंगमंचावर नुकताच नारळ फुटलेला असतो आणि उदबत्तीचा वास पहिल्या दोन-तीन रांगांपर्यंत पोचलेला असतो. निवेदन संपतं, आणि समोरचा मखमली पडदा मधोमध दुभंगून दोन्ही बाजूंना सरकत जातो. नाटक संपल्यावर तोच पडदा दोन्हीकडून येऊन मध्ये मिळतो. वरून खाली काहीच येत नाही. तरी घरी जाताना आपण म्हणतो, 'पडदा पडला तेव्हा साडेअकरा झाले होते.' नाटककार संहितेच्या अखेरीस कंसात लिहितो, 'पडदा पडतो.' वर्तमानपत्रात एखाद्या वादावर पडदा पडतो, एखाद्या प्रकरणावर पडदा टाकला जातो.

कापडाने कधीच सोडून दिलेली ही हालचाल भाषेने जपून ठेवली आहे. मराठी नाटकाचा पडदा एके काळी खरोखर पडत असे. त्याआधी तो पडतही नव्हता, दोन माणसं तो हातात धरत. या कापडाचा माग काढत गेलं की अभिनयाचाही इतिहास हाती लागतो. पडद्याने जितकं काम अंगावर घेतलं तितकं नटाचं कमी झालं, आणि पडदा साधा झाला तेव्हा ते पुन्हा नटाच्या वाट्याला आलं.

दक्षिण कोकणातल्या आमच्या गावी देवळाच्या वार्षिक उत्सवात नाटक होई. चौदाव्या वर्षी माझ्या हाती पडद्याची दोरी आली. पडदे देवळाच्या माडीवर लांबलचक गुंडाळ्या करून ठेवलेले असत. उत्सवाच्या आदल्या दिवशी ते अंगणात उलगडले की सरसाचा, धुळीचा आणि पावसाळी ओलीचा मिळून एक वास सुटे. राजवाडा, जंगल, रस्ता आणि साधं घर असे चार पडदे होते. जवळून पाहिलं की राजवाड्याचे खांब म्हणजे मातकट गुलाबी रंगाचे सपकारे दिसत. मांजरपाटाच्या पट्ट्या शिवून कापड केलेलं, त्यामुळे शिवण थेट खांबांच्या मधून गेलेली. गुंडाळून-गुंडाळून रंगाला आडव्या चिरा पडलेल्या. तोच पडदा टांगून आपण मांडवाच्या टोकाशी जाऊन उभे राहिलो की शिवण नाहीशी होई, चिरा मिटत, आणि खांबांची रांग दूर आत गेलेली दिसे.

पडदे सांभाळणारे एक आजोबा होते. पडद्याच्या खालच्या कडेला जाड बांबू बांधलेला असे. दोरी ओढली की बांबू फिरत फिरत कापड स्वतःभोवती गुंडाळून घेत वर जाई, आणि दोरी सोडली की आपल्याच वजनाने उलगडत खाली येई. ओढायला ताकद लागे, सोडायला अक्कल. पहिल्या दिवशी आजोबांनी मला एवढंच सांगितलं, "वाक्य संपला म्हणून पडदो पाडू नको. लोकांचो श्वास सुटू दे, मगे दोरी सोड." नाटकाबद्दल पुढे बरंच वाचलं, पण पडदा हा प्रयोगाचा भाग असतो हे मला त्या एका वाक्याने कळलं होतं.

या कापडाचं आपल्याकडचं सर्वांत जुनं नाव यवनिका किंवा जवनिका. या नावावरून एकोणिसाव्या शतकात युरोपात मोठा वाद झाला. यवन म्हणजे ग्रीक, तेव्हा संस्कृत नाटकाचा पडदा आणि पर्यायाने नाटकच ग्रीकांकडून आलं असलं पाहिजे, असं वेबर आणि विंडिश या जर्मन पंडितांनी मांडलं. अडचण अशी की ग्रीक रंगभूमीवर असा पडदा नव्हताच. फ्रेंच पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी साधा खुलासा सुचवला: परदेशी व्यापाऱ्यांनी आणलेल्या इराणी कापडाचा पडदा करत असतील आणि त्यावरून यवनिका हे नाव पडलं असेल. काही अभ्यासक जवनिका हेच मूळ रूप मानतात आणि 'जव' म्हणजे वेग या शब्दाशी ते जोडतात. लेव्हींचा तर्क मान्य करा वा करू नका, एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आज आपण वापरतो तो 'पडदा' हा शब्द खरोखरच फारसी आहे.

हा जुना पडदा प्रेक्षक आणि रंगमंच यांच्या मध्ये नव्हता. तो नटाच्या पाठीमागे, रंगमंच आणि नेपथ्य यांच्या मध्ये असे. नेपथ्य म्हणजे तेव्हा नटांची सजण्याची जागा. नाट्यशास्त्राच्या पाचव्या अध्यायात पूर्वरंगाचा विधी आहे. त्याची पहिली नऊ अंगं पडद्याआड होतात: वाद्यं मांडणं, गायकांनी बसणं, वाद्यं जुळवणं. मग पडदा दूर होतो आणि उरलेली अंगं प्रेक्षकांसमोर होतात. म्हणजे आत वाद्यं लागत असताना बाहेर लोकांनी कान टवकारून बसावं, अशी ही योजना. संस्कृत नाटकांतली 'अपटीक्षेपाने' ही रंगसूचनाही अशीच बोलकी आहे. एखादं पात्र घाबरून किंवा घाईने येणार असेल तर ते पडदा झटकून एकदम आत शिरतं. कापड कसं हललं यावरून येणाऱ्याच्या मनाची स्थिती कळते. नटाने तोंड उघडण्याआधीच अभिनय सुरू झालेला असतो.

इसवी सन ९००च्या आसपास राजशेखराने 'कर्पूरमंजरी' लिहिली. सबंध प्राकृतात रचलेली ही नाट्यकृती, आणि तिची पद्यं आपल्या मराठीची पूर्वज असलेल्या महाराष्ट्री प्राकृतात. राजशेखराचं घराणंही इकडचं. आपल्या पणजोबांचा, अकालजलदाचा, उल्लेख तो 'महाराष्ट्रचूडामणी' असा करतो. या प्रकाराला सट्टक म्हणतात, आणि सट्टकात अंकाला अंक म्हणत नाहीत, 'जवनिकांतर' म्हणतात. एका पडद्यापासून दुसऱ्या पडद्यापर्यंतचा भाग म्हणजे एक जवनिकांतर. नाटक पडद्यांनी मोजायची ही रीत ध्यानात ठेवा, ती पुन्हा भेटणार आहे.

संस्कृत नाटकं राजदरबारांबरोबर मागे पडली, पण पडदा लोकांच्या हाती शिल्लक राहिला. केरळात कथकलीत दोन माणसं 'तिरश्शीला' नावाचं रंगीत कापड धरून उभी राहतात. उग्र पात्र येणार असेल तर ते आधी पडद्यामागून गर्जना करतं, मग पडद्याची वरची कड धरून हलवतं, मुकुट दाखवतं, डोळे दाखवतं, पुन्हा लपतं. या पडदादर्शनाला 'तिरनोट्टम' म्हणतात आणि ते बराच वेळ चालतं. कर्नाटकाच्या यक्षगानात पडद्याला 'तेरे' म्हणतात, आणि पात्रांच्या पहिल्या प्रवेशाचं नृत्य त्या हाती धरलेल्या पडद्याच्या आडोशाने सुरू होतं. या पडद्यावर कसलंही चित्र नसतं. तो राजवाडा दाखवत नाही की अरण्य दाखवत नाही. राजवाडा नटाने आपल्या चालण्यातून दाखवायचा. पडदा फक्त एवढंच सांगतो, कुणीतरी येतंय.

हाच पडदा मराठी नाटकाच्या जन्माशी हजर होता. १८४२ मध्ये उत्तर कानडातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीला आली. उत्तर कानडा हा यक्षगानाचा मुलूख. त्यांचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसं, पण अधिक नेटकं काही मराठीत करायला सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी 'सीतास्वयंवर'चा प्रयोग झाला. तो दिवस आज आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. भाव्यांच्या खेळात सूत्रधार गाणारा, पदं त्याची. गणपती, सरस्वती, विदूषक आले की आख्यान सुरू. पात्रं आपापली भाषणं ऐन वेळी रचून बोलत. मागे एक साधा पडदा. राक्षस यायचा झाला की आरडाओरड करत, दणदणाट करत येई. पुढच्या काळात लोक या खेळांना 'अललडुर्र' आणि 'तागडथोम' म्हणू लागले. नावं चेष्टेची असली तरी त्यांत एक खरी गोष्ट नोंदली गेली आहे: पात्र दिसण्याआधी त्याचा आवाज यायचा. अपटीक्षेपापासून तिरनोट्टमपर्यंत आलेली ती वाट अजून मोडली नव्हती.

ती वळली मुंबईत. १८४६ मध्ये जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर ग्रँट रोडला नाट्यगृह उभं राहिलं. बांधणी विलायती: समोर चौकट, चौकटीत पडदा, पडद्यामागे चित्रांचे आणखी पडदे. १८५३ मध्ये भाव्यांनी तिथे तिकीट लावून खेळ केले. त्याच वर्षी त्याच नाट्यगृहात पारशी नाटकांची सुरुवात झाली. पडद्याची जागा इथे बदलली. इतकी शतकं नटाच्या मागे असलेला पडदा नटाच्या पुढे आला आणि प्रेक्षकाच्या तोंडावर बंद होऊ लागला. मागच्या पडद्यावर चित्र आलं. पारशी कंपन्यांनी यात पैसा ओतला. बागा, महाल, समुद्र, आकाशातून उतरणाऱ्या पऱ्या, क्षणात पालटणारी दृश्यं यांसाठीच लोक येऊ लागले. पुण्यात अशाच एका पारशी मंडळीचा खेळ पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मनात मराठी संगीत नाटकाने मूळ धरलं, असं सांगतात. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतल' रंगलं, आणि पुढची पन्नास वर्षं रंगीत पडद्यांची झाली.

या पडद्यांची घडण पाहण्यासारखी आहे. मांजरपाट शिवून मोठं कापड करायचं, ताणून बसवायचं आणि त्यावर सरस व खडूचा हात द्यायचा, म्हणजे कापडाची भोकं बुजतात. मग कोरडे भुकटीचे रंग सरसाच्या पाण्यात कालवून लावायचे. सरस गरम असतानाच काम उरकावं लागतं, थंड झाला की घट्ट होतो. ओला रंग गडद दिसतो, वाळला की फिका पडतो, म्हणून वाळल्यावर काय दिसेल ते चित्रकाराला आधीच डोळ्यांपुढे आणावं लागतं. शिवाय हे चित्र हातभर अंतरावरून काढायचं आणि पन्नास हातांवरून पाहिलं जायचं. कंपनी गावोगाव फिरे तेव्हा हे पडदे बैलगाडीने, रेल्वेने बरोबर जात, आणि मुक्कामी उतरल्यावर पावसापासून त्यांना जपणं हे स्वतंत्र काम असे.

पडद्याने नाटकाच्या रचनेतही हात घातला. जुन्या संगीत नाटकाची कुठलीही संहिता काढून पाहा. भरगच्च प्रवेशानंतर एक छोटा प्रवेश येतो आणि वर लिहिलेलं असतं, 'स्थळ : रस्ता'. दोन पात्रं चालता चालता बोलतात, बहुधा विनोदी बोलतात आणि निघून जातात. त्या रस्त्याच्या पडद्यामागे तेवढ्या वेळात राजवाडा उचलून अरण्य मांडायचं असे. कामगारांना लागणारी ती दहा मिनिटं नाटककाराला भरावी लागत, आणि मराठी नाटकातले किती तरी हशे त्या दहा मिनिटांच्या गरजेतून जन्मले.

नटाचं उभं राहणंही पडद्याने ठरवलं. रंगवलेला महाल दूरचा दिसावा म्हणून त्याचं दार लहान काढलेलं असे. नट मागे सरकून पडद्याजवळ गेला तर ते दार त्याच्या कमरेला लागे आणि सगळी जादू मोडे. म्हणून नट पुढे, पायाशी ओळीने लावलेल्या दिव्यांजवळ, प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राही. तिथूनच बोले, तिथूनच गाई, वन्समोअर आला की तिथेच पुन्हा गाई. संगीत नाटकातल्या त्या समोरासमोरच्या अभिनयाला आपण शैली म्हणतो. त्या शैलीत नटांचं कसब मोठं होतं यात शंका नाही, पण ती घडवण्यात पाठीमागच्या कापडाचा वाटा होता हेही नोंदवायला हवं.

या कलेचा कळस कोल्हापुरात झाला. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोघे चुलतभाऊ. लोक त्यांना पेंटर म्हणत आणि तेच आडनाव झालं. १९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतात पडदे रंगवणाऱ्यांत हे दोघे अग्रगण्य होते. मराठी संगीत नाटक मंडळ्या आणि गुजराती-पारशी कंपन्या त्यांच्याकडून पडदे करून घेत. मग दोघांना सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी जिद्दीने कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यात त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. रंगवलेल्या पडद्यांवर ज्याची हयात चालली होती त्याच माणसाने सिनेमात पडदा बाजूला ठेवून खरी लांबी-रुंदी-खोली असलेले सेट उभे केले. चित्रातला खांब आणि उभा खांब यांतला फरक कॅमेऱ्याला कळतो, हे पडदे रंगवणाऱ्यालाच आधी उमगलं. आणि भाषेची गंमत अशी की सिनेमा ज्यावर दिसतो त्या पांढऱ्या कापडालाही मराठी माणसाने पडदाच म्हटलं. इतकी शतकं झाकणारा पडदा आता दाखवणारा झाला.

नाटकातही रंगीत पडद्याचे दिवस भरत आले होते. ललितकलादर्शसारख्या संस्थेत पु. श्री. काळे यांच्यासारखे रंगचित्रकार वास्तव देखाव्यांचे प्रयोग करत होते. मामा वरेरकरांची नाटकं घरातल्या, गिरणीतल्या, कोर्टातल्या माणसांबद्दल बोलू लागली होती. अशा माणसाला खुर्चीवर बसायचं असतं, खिडकी उघडायची असते, दार आपटून निघून जायचं असतं. चित्रातलं दार आपटता येत नाही. त्यात विजेचे दिवे आले. पायाशी असलेल्या गॅसबत्त्यांच्या पिवळ्या उजेडात जे चित्र खोल दिसे, त्याच्यावर बाजूने आणि वरून विजेचा झोत पडला की कापडाची प्रत्येक सुरकुती उठून दिसू लागली. माझ्या मते पडद्याला मारलं ते विचारांनी जितकं, तितकंच या बाजूच्या उजेडाने.

१ जुलै १९३३ रोजी मुंबईत नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केलं. मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचं, मराठी श्री. वि. वर्तकांचं, दिग्दर्शन केशवराव दाते यांचं. तीन भिंतींची एक खोली, स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रिया, गाणी मोजकी. 'स्थळ : रस्ता' गेलं, कारण पाठीमागे बदलायचं काहीच नव्हतं. नट खोलीत कुठेही जाऊ शकला, प्रेक्षकांकडे पाठ करू शकला, गप्प बसू शकला. मराठी नटाला रंगमंचावर गप्प बसायची मोकळीक या तीन भिंतींनी दिली. पुढे दोन बाजूंनी सरकणारा साधा, चित्रविरहित मखमली पडदा रूढ झाला. १९६२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच'मध्ये फिरता रंगमंच आला आणि दृश्य बदलताना पडदा पाडण्याचीही गरज राहिली नाही. हळूहळू प्रवेश संपवण्याचं काम अंधाराने घेतलं. एके काळी शिटी ऐकून दोरी सोडणारे हात होते, तिथे प्रकाशयोजनाकाराची बोटं आली.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' केलं. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद. रंगमंचावर सेट नाही. बारा ब्राह्मणांची ओळ उभी आहे, गातेय, झुलतेय. पाहता पाहता ती ओळ पाठ फिरवते आणि तिची भिंत होते. तिच्या आड काहीतरी घडतं, आपल्याला कळतं पण दिसत नाही. ओळ पुन्हा वळते, आणि मधून नाना फडणवीस येतो. हा मानवी पडदा. तो दृश्य बदलतो, पात्रं आत-बाहेर करतो, आणि जे चाललंय त्याचा साक्षीदार असून पाठ फिरवतो. कापडाचा पडदा लपवतो तेव्हा त्याचा दोष नसतो. माणसांचा पडदा लपवतो तेव्हा ती माणसं सामील असतात. नाटकाला जे म्हणायचं होतं ते तेंडुलकर आणि जब्बार पटेल यांनी पडद्यातच भरून ठेवलं. मराठी रंगभूमीवर पडद्याने इतकं मोठं काम आधी कधी केलं नव्हतं.

त्याच सुमारास गिरीश कार्नाड यांच्या 'हयवदन'मध्ये दोन सेवक अर्धा पडदा हाती धरून प्रवेश करतात, अगदी यक्षगानातल्यासारखा. कार्नाडांचं बालपण गेलं शिरसीत, म्हणजे उत्तर कानडातच. १८४२ मध्ये सांगलीला आलेली भागवत मंडळी ज्या मुलखातली, त्याच मुलखातून हाती धरलेलं कापड सव्वाशे वर्षांनी आधुनिक नाटकात परत आलं. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून आविष्कार या संस्थेने प्रायोगिक नाटकांची जी चळवळ चालवली, तिथे तर बऱ्याचदा पडदाच नसे. प्रेक्षक येऊन बसत तेव्हा रंगमंच उघडाच असे. आपण आता नाटकात आहोत, हे नटाला स्वतःच्या अंगाने सांगावं लागे. ती जवनिकेच्या आधीची अवस्था म्हणावी इतकी कठीण परीक्षा होती, आणि त्या परीक्षेतून गेलेल्या नटांनी पुढची तीस वर्षं मराठी रंगभूमी पेलली.

रंगीत पडदा मात्र मेला असं समजू नये. विदर्भाच्या झाडीपट्टीत, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे, धान घरात आलं की मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि रात्री नाटक उभं राहतं ते पहाटेपर्यंत. वडशाच्या नाटक कंपन्यांचा हंगाम तेव्हा ऐन भरात असतो. तिथे रंगवलेले पडदे आजही टांगले जातात. गोव्यात तियात्र हा कोकणी नाट्यप्रकार आहे. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत पहिलं तियात्र करणारे लुकाझिन रिबेरो एका इटालियन ऑपेरा कंपनीत काम करून आलेले होते. तियात्रात एक भाग संपला की दर्शनी पडदा पडतो आणि त्याच्यासमोर गायक येऊन कांतार, म्हणजे गाणी, म्हणतात, मागे तोवर दृश्य बदलतं. आपल्या 'स्थळ : रस्ता'चंच हे दुसरं रूप. आणि तियात्राच्या अंकांना कोकणीत म्हणतात 'पोरदे'. एक पोरदो, दोन पोरदे. राजशेखराने नाटक जवनिकांतरांनी मोजलं, तियात्रकार पोरद्यांनी मोजतो. एकाने दुसऱ्याचं वाचलं असण्याची शक्यता नाही. पण जो कुणी नाटक मांडायला उभा राहतो त्याच्या हाताला तीच मोजपट्टी लागते, कारण उघडणं आणि मिटणं यांच्या मध्येच नाटक असतं.

हा सगळा माग काढल्यावर माझा निवाडा असा आहे. मराठी पडद्याच्या दोन सर्वोत्तम अवस्था आहेत आणि दोन्हींत तो माणसांच्या हाती आहे. पहिली, दोघांनी धरलेलं चित्रविरहित कापड. दुसरी, 'घाशीराम'मधली माणसांची ओळ. मधल्या रंगीत पडद्यांच्या काळाने डोळ्यांना अपार आनंद दिला, उत्तम चित्रकार दिले, सिनेमाला बाबूराव पेंटर दिले. त्याची किंमत नटाने एका जागी खिळून राहून मोजली. आज भव्य एलईडी पडद्यावर राजवाडे आणि समुद्र दाखवणारी नाटकं पुन्हा येत आहेत. ती करणाऱ्यांनी हा जुना हिशेब एकदा पाहून घ्यावा. चित्र जितकं मोठं, तितकं नटाला त्याच्यापासून दूर उभं राहावं लागतं.

शेवटी एक मागणं. शाहू महाराजांनी बांधलेलं आणि १९१५ पासून उभं असलेलं कोल्हापूरचं नाट्यगृह, ज्याला आपण केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखतो, ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री आगीत भस्मसात झालं. केशवरावांच्या जयंतीची ती पूर्वसंध्या होती. लाकूड आणि कापड यांचं आयुष्य किती असतं ते त्या रात्री सगळ्यांनी पाहिलं. कोकणात, गोव्यात, घाटावर, झाडीपट्टीत देवळांच्या माड्यांवर आणि जुन्या मंडळांच्या पेट्यांत रंगीत पडदे अजून गुंडाळून पडलेले आहेत. उंदीर, वाळवी आणि ओल यांच्या तावडीत आहेत. तुमच्या गावी असा एखादा असेल तर कोरड्या दिवशी तो उन्हात न नेता सावलीत उलगडा, त्याचे फोटो काढा, खालच्या कोपऱ्यात पेंटरची सही शोधा, आणि त्याची दोरी कोण ओढत असे हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवा. नटांची नावं जाहिरातींत छापून राहिली. दोरी धरणाऱ्यांची नावं अजून फक्त माणसांच्या आठवणीत आहेत.